गोचीडजन्य रोगांचा इतिहास

गोचीडजन्य रोग : गोचिडाच्या दंशावाटे मनुष्याच्या वा पशूंच्या शरीरात शिरणारे सूक्ष्मजंतू, रिकेट्सिया, व्हायरस व प्रजीव यांमुळे होणारे रोग. गोचीड हा कीटक नसून कोळी, विंचू यांच्या अष्टपाद वर्गातील परजीवी प्राणी आहे. अळी, अर्भक व प्रौढ या तिन्ही अवस्थांत त्याला रक्त लागते. त्यामुळे एका प्राण्याकडून घेतलेला रोगकारक तो पुढील अवस्थेत दुसऱ्यास देतो. एकाच गोचिडात एकाहून अधिक रोगकारक असल्यास रुग्णास सहसंक्रामण होते व निदान अवघड बनते.

या रोगांचे ज्ञान प्रथम पशुवैद्यकातून मिळाले. थिओबॉल्ड स्मिथ व एफ. एल. किलबर्न यांनी १८९३ मध्ये गुरांचा टेक्सास ज्वर गोचिडांमुळे पसरतो, असे सिद्ध केले. १९०६ मध्ये हॉवर्ड रिकेट्स यांनी रॉकी पर्वतातील ठिपक्यांच्या ज्वराबाबत तेच दाखविले. १९१० मध्ये मेक्सिकोत प्रलापक सन्निपात ज्वराचे (टायफसचे) संशोधन करीत असता त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातील लाइम गावाच्या परिसरात १९७५ च्या सुमारास अनेक मुलांना संधिशोथ झाल्याचे आढळले. ॲलन स्टीअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये त्याचे वर्णन केले, तर विली बर्गडॉर्फर यांना त्याचा सर्पिल जंतू इक्सोडीस वंशातील गोचिडात सापडला (१९८२). हाच लाइम रोग होय. त्याच गोचिडांमार्फत बॅबेसिया व ॲनाप्लाझ्मा यांचेही संक्रामण होते. लाइम रोगाचे वाहक मुख्यतः उत्तर गोलार्धातील समशीतोष्ण वनांत राहतात. भारतात या रोगाचे तुरळक रुग्णच नोंदले गेले आहेत.

भारतातील इतिहास निराळा आहे. मेगॉ यांनी १९१७ मध्ये कुमाऊँच्या पायथ्याच्या प्रदेशातील टायफससदृश ज्वराकडे लक्ष वेधले व त्याचा संबंध गोचिडांशी असावा असे सुचविले. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली व पाठोपाठ माणसेही आजारी पडली. पुण्याच्या व्हायरस संशोधन केंद्राने (स्थापना १९५२; १९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) या रोगाचा व्हायरस व हीमाफिसॅलिस स्पिनिजेरा हा त्याचा वाहक शोधून काढला. हा व्हायरस रशियातील मस्तिष्कशोथाच्या व्हायरसाशी मिळताजुळता असल्याने तो स्थलांतरी पक्ष्यांनी आणला असावा, अशी शंका होती. तीमुळे मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेने सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांना कडी घालण्याचे मोठे कार्य हाती घेतले. शंकेला मात्र पुष्टी मिळाली नाही. २०१६ मध्ये हा ‘माकडताप’ सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यात उद्‌भवला. त्यावर विशिष्ट औषध नाही. कर्नाटकात अनेक वर्षे दिली जाणारी जुनी लस पुरेशी परिणामकारक न ठरल्याने २०२२ मध्ये बंद करण्यात आली.

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर आहेत. बैल, दुभती जनावरे, धनगरांची मेंढरे व राखणीची कुत्री यांच्या निकट सहवासात येथील खेड्यांचे जीवन चालते. गोचीड हा या जीवनाचा जुना सोबती आहे. संकरित गायींना त्यापासून होणारा थायलेरियाचा रोग वेळीच न ओळखल्यास घातक ठरतो. माणसांत अधिक महत्त्वाचा रोग म्हणजे ठिपक्यांचा ज्वर. ताप, डोकेदुखी आणि तळहात व तळपाय यांवरही उठणारे पुरळ ही त्याची लक्षणे होत. त्याला गोवर वा डेंग्यू समजण्याची चूक सहज होते. शेजारच्या अकोला येथील बालरोगतज्ज्ञांनी २०११ मध्ये त्याच्या लवकर निदानासाठी लक्षणांवर आधारित गुणपद्धती सुचविली. माइटाच्या अळीमुळे होणारा स्क्रब टायफस २०१८ मध्ये विदर्भात पसरला होता. तो गोचीडजन्य नसला, तरी दोहोंवर डॉक्सिसायक्लीन हेच प्रतिजैव गुणकारी आहे. प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता ते सुरू करावे लागते. विलंब झाल्यास मूत्रपिंडे, फुप्फुसे व मेंदू यांना इजा होऊन मृत्यूही संभवतो.

निसर्गोपचाराची परंपरा महाराष्ट्रात दृढ आहे. महात्मा गांधींनी १९४६ मध्ये उरुळीकांचन येथे निसर्गोपचार केंद्र सुरू केले आणि पुढे मणिभाई देसाई यांनी ते वाढविले. विश्रांती, हलका आहार, भरपूर पाणी व अंग पुसून घेणे यांमुळे ज्वराच्या रुग्णास आराम पडतो. तथापि मातीच्या पट्ट्या, उपवास वा काढे यांनी रिकेट्सिया किंवा लाइमचे जंतू नष्ट होतात, याला पुरावा नाही. असे उपाय प्रतिजैवाच्या जोडीला असावेत, त्याच्या जागी नव्हेत. तापलेल्या मुलास उपाशी ठेवून गमावलेले दोनतीन दिवस भरून निघत नाहीत.

प्रतिबंधासाठी गोठे स्वच्छ ठेवणे, पशूंवर गोचीडनाशके वापरणे व रानातून परतल्यावर अंग तपासणे हितावह असते. चिकटलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा. त्याला रॉकेल वा जळती काडी लावू नये किंवा तो नखाने चिरडू नये. ताप आल्यास डॉक्टरांना गोचिडाच्या दंशाची व जनावरांच्या सहवासाची माहिती आवर्जून द्यावी. निदानाचा मार्ग पुष्कळदा तेथूनच सापडतो.