नाट्यगीताचा ‘बीपीएम’ किती? ॲप काय सांगतं आणि कान काय ऐकतो

रील बनवायची असो किंवा कराओके ट्रॅक शोधायचा असो, आजकाल गाण्याबरोबर तीन गोष्टी लगेच पाहिल्या जातात: टेम्पो, की आणि मूड. हिंदी-इंग्रजी गाण्यांना हे आकडे बऱ्यापैकी लागू पडतात. पण जुन्या संगीत नाटकातलं पद ॲपमध्ये टाकलं की गोंधळ सुरू होतो. तो का होतो?

आधी थोडं कोल्हापूरबद्दल

हा प्रश्न हातकणंगले-कोल्हापूर पट्ट्यात विशेष जवळचा आहे. ग्वाल्हेर गायकी महाराष्ट्रात आणणाऱ्या बाळकृष्णबुवांच्या (1849–1926) नावापुढे कायमचं जोडलं गेलेलं इचलकरंजी याच हातकणंगले तालुक्यातलं. ‘संगीत मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे कोल्हापूरचे. ‘ललितकलादर्श’ नाटक मंडळी काढणारे केशवराव भोसलेही कोल्हापूरचेच. शाहू महाराजांनी बांधलेल्या नाट्यगृहाला आज त्यांचंच नाव आहे. ऑगस्ट 2024 मध्ये, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, हेच नाट्यगृह आगीत जळालं.

टेम्पो म्हणजे लय का?

बीपीएम म्हणजे एका मिनिटात पडणारे ठोके. आपल्याकडे मोजायचं एकक मात्रा आहे, आणि मात्रांचं आवर्तन होतं: त्रितालात 16, एकतालात 12, झपतालात 10, केरव्यात 8, दादऱ्यात 6.

समजा, त्रितालातलं पद मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत आहे. म्हणजे एक आवर्तन 8 सेकंदांचं. ॲपला मात्रा सापडली तर ते 120 दाखवेल. एकाआड एक ठोका पकडला तर 60 आणि तबल्याची दुगण पकडली तर 240. तिन्ही आकडे एकाच गाण्याचे! त्यात गायक तानेवर तान घेत समेवर येतो, मध्येच लय किंचित चढते. क्लिक ट्रॅकवर ध्वनिमुद्रित झालेल्या गाण्यासारखी ती एकसारखी राहत नाही.

की म्हणजे पट्टी का?

अर्धंच खरं. पट्टी म्हणजे गायकाचा सा कुठे आहे ते. पेटीवर पांढरी एक म्हणजे ‘सी’, काळी एक म्हणजे ‘सी शार्प’, पांढरी दोन म्हणजे ‘डी’. ॲप मात्र सगळे स्वर गोळा करून ते पाश्चात्त्य ‘मेजर’ किंवा ‘मायनर’च्या साच्यात बसवतं.

उदाहरणार्थ, ‘संगीत स्वयंवर’मधलं (1916) ‘नाथ हा माझा’ हे पद यमन रागात आहे. यमनात मध्यम तीव्र असतो. पांढरी एकमध्ये यमन गायला तर त्याचे सातही स्वर ‘जी मेजर’शी तंतोतंत जुळतात. त्यामुळे ॲप ‘जी’ सांगू शकतं, म्हणजे पांढरी पाच. त्यावर विसंबून तानपुरा लावला तर गायकाचा पंचम तुमचा षड्ज होईल आणि सगळंच बिघडेल.

जुन्या तबकड्यांची आणखी एक अडचण आहे. त्यांना ‘78 आरपीएम’ म्हणतात, पण सुरुवातीच्या काळात सगळ्या कंपन्यांचा वेग एकसारखा नव्हता. 74च्या वेगाने मुद्रित झालेली तबकडी 78ने वाजवली तर आवाज जवळपास एका पट्टीने चढतो. काळी एकमधलं गाणं पांढरी दोनमध्ये ऐकू येतं, लयही वाढते. यूट्यूबवर ऐकलेल्या जुन्या पदाची पट्टी खात्रीने सांगता येत नाही, ती यामुळेच.

मग युगुलगीताचं काय?

पुरुष आणि स्त्रीची नैसर्गिक पट्टी सहसा वेगळी असते. दोघांनी एकाच सा वर गायचं तर एकाला चढावं लागतं किंवा दुसऱ्याला उतरावं लागतं. पंडित जसराज यांच्या ‘जसरंगी’ने वेगळा मार्ग काढला: एकाचा सा तो दुसऱ्याचा मध्यम, आणि दोघं आपापल्या पट्टीत वेगवेगळे राग गातात. तिथे ‘की कोणती?’ या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत.

जुन्या नाटकात दोघांनी एकत्र गाण्यापेक्षा एकाच्या पदाला दुसऱ्याने पदातूनच उत्तर देण्याची पद्धत जास्त होती. त्यातला सर्वात गाजलेला सामना म्हणजे 8 जुलै 1921चं मुंबईतलं ‘संयुक्त मानापमान’. टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या या प्रयोगात बालगंधर्व भामिनी होते आणि केशवराव भोसले धैर्यधर. मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण 1925च्या सुमारास सुरू झालं. त्याआधी कर्ण्यात तोंड घालून तीन-साडेतीन मिनिटांत गाणं संपवावं लागे. त्यामुळे ‘वन्समोअर’ घेत रंगणारा प्रयोग जसाच्या तसा टिपणं शक्यच नव्हतं. जेमतेम तीन महिन्यांनी, 4 ऑक्टोबर 1921 रोजी, केशवराव गेले. तो सामना पुन्हा होणं नव्हतं.

मूड कोण मोजणार?

ॲप वेग, आवाजाची पातळी आणि स्वर पाहून ‘आनंदी’ किंवा ‘उदास’ ठरवतं. नाट्यपदाचा रस मात्र प्रसंगातून येतो. भामिनी आधी गरीब धैर्यधराचा अपमान करते, नंतर वनमाला बनून त्याच्याच प्रेमात पडते. त्यामुळे कोणतं पद कुठे येतं हे ठाऊक नसेल तर रस कळत नाही.

आणि 12 मार्च 1911 हा ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाचा दिवस आठवा. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली होती. तरीही ते भामिनी होऊन उभे राहिले आणि गायले. प्रेक्षकांसमोर होता तो शृंगार. त्या गाण्याचा ‘मूड’ कोणत्या रकान्यात लिहायचा?

मग करायचं काय?

पट्टीसाठी तानपुऱ्याचा किंवा ऑर्गनचा टिकून राहणारा स्वर ऐका. गाणं जिथे येऊन विसावतं तो सा. लयीसाठी समेवर टाळी देऊन पुढच्या समेपर्यंत मात्रा मोजा. आणि रसासाठी त्या पदाआधीचा प्रवेश वाचा. ॲपचा आकडा त्यानंतर पाहिला तरी चालेल.