असीरगडची मुद्रा

बुऱ्हाणपूरचे रेल्वेस्थानक ज्या लालबागेत आहे, तेथून उत्तरेस खांडव्याच्या वाटेला लागले म्हणजे सुमारे २० किलोमीटरांवर असीरगड दिसू लागतो. ‘दक्षिणेचे द्वार’ अशी या दुर्गाची ख्याती आहे. फारुकी सुलतान, अकबर, शिंदे आणि अखेर १८१९ मध्ये इंग्रज असे त्याचे स्वामी बदलत गेले. परंतु प्राचीन इतिहासाच्या अभ्यासकांस असीरगड आठवतो तो तटबुरुजांपेक्षा एका लहानशा मुद्रेमुळे. मौखरी राजा शर्ववर्मा याची ही सहाव्या शतकातील राजमुद्रा होय.

ही मुद्रा गडावर उत्खननात मिळालेली नाही. शिंद्यांच्या मालमत्तेच्या एका पेटीतून ती उजेडात आली, असे जुने वृत्त सांगते. १८३६ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात तिचा लेख प्रसिद्ध झाला आणि १८८८ मध्ये फ्लीट यांनी गुप्तकालीन लेखांच्या आपल्या संग्रहात त्याचे संपादन केले. मूळ वस्तू मात्र पुढे कोणाच्याच हाती राहिली नाही. विद्वानांनी जे वाचले ते तिच्या ठशांवरून. वरच्या भागी वृषभ, छत्र व सेवक, आणि खाली संस्कृत लेख अशी तिची रचना आहे. हरिवर्मा, आदित्यवर्मा, ईश्वरवर्मा, ईशानवर्मा आणि शर्ववर्मा ही राजपरंपरा त्या लेखात क्रमाने येते. एका घराण्याच्या पाच पिढ्या एवढ्याशा जागेत सुरक्षित राहिल्या, हे तिचे मोल अल्प नव्हे.

तथापि मुद्रेने जितके सांगितले, तितकेच तिने न सांगता ठेवले. मौखरींचे राज्य गंगेच्या खोऱ्यातले. मग त्यांची मुद्रा तापीकाठच्या या दुर्गावर कशी आली? काहींनी त्यावरून शर्ववर्म्याची सत्ता येथवर पोहोचली होती, असे अनुमान केले. इतरांनी उत्तर दिले की, मुद्रा ही हातोहात फिरणारी वस्तू. ती जेथे सापडली तेथे राजाची सत्ता होतीच, असे म्हणता येत नाही. हा वाद मुद्रेकडे पाहून मिटणारा नव्हे. तो मिटविण्यास ती पेटीत कोठून आली, एवढे एक वाक्य पुरे झाले असते. पण ते कोणी लिहून ठेवले नाही. ज्या पेटीने लेख जगविला, तिच्यातच त्याचे मूळ स्थान हरपले.

याच शर्ववर्म्याची मुद्रा नालंदेच्या उत्खननातही मिळाली आहे. तेथे अनेक राजांच्या, अधिकाऱ्यांच्या व भिक्षुसंघाच्या मुद्रा एकत्र सापडल्यामुळे विहाराचा राजदरबारांशी असलेला संबंध स्पष्ट होतो. राजा तोच आणि वंशावळही तीच. परंतु नालंदेच्या मुद्रेला शेजार आहे, असीरगडच्या मुद्रेला तो नाही.

शेजाराचे हे महत्त्व महाराष्ट्रात इनामगावने अधिक ठळकपणे शिकविले. १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजने केलेल्या तेथील उत्खननात ताम्रपाषाणयुगीन घराच्या जमिनीखाली मातीची एक लहान पेटी निघाली. आत न भाजलेली स्त्रीमूर्ती होती, आणि झाकणावर शिरोविहीन दुसरी स्त्रीमूर्ती व एक बैल. त्या मूर्तीला आणि बैलाला भोके होती. काडीने दोहोंची जोडणी होत होती, हे त्यावरून ताडता आले. हीच मूर्ती बाजारात सुटी आली असती, तर मस्तक गळालेले एक खेळणे म्हणून ती अडगळीत पडली असती.

मध्य आशियाचा अनुभवही निराळा नाही. तुर्कमेनिस्तानातील आल्तिन-देपे येथील उत्खननात सिंधू संस्कृतीच्या धाटणीच्या मुद्रा मिळाल्या, म्हणून त्या दोन प्रदेशांच्या संबंधाचा भक्कम पुरावा ठरल्या. उलट १९७० नंतरच्या दशकात उत्तर अफगाणिस्तानातील कबरी लुटल्या गेल्या आणि त्यांतील मुद्रा व मूर्ती काबूलच्या बाजारात आल्या. संग्राहकांच्या कपाटांत त्यांनी शोभा आणली. पण कोणत्या कबरीत, कोणाच्या उशाशी त्या होत्या, हे ज्ञान कायमचे नष्ट झाले.

तापीच्या खोऱ्यात आपल्या शाळांच्या आसपास पांढरीची टेकाडे आहेत. १९५५ मध्ये प्रकाशे येथे झालेल्या उत्खननाने या खोऱ्याचे प्राचीनत्व सिद्ध केले आहे. नांगराच्या फाळाला मणी, नाणे वा भाजक्या मातीचा तुकडा लागला, की विद्यार्थी तो कौतुकाने गुरुजींकडे आणतो. त्या क्षणी गुरुजींनी वस्तू किती जुनी, हे सांगण्यापूर्वी गाव, शेत, खोली आणि सोबत काय होते, हे विचारावे व लिहून ठेवावे. आणि जागा अधिक न उकरता वार्ता पुरातत्त्व खात्यास द्यावी. भूमीत सापडलेल्या धनाची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देण्याचे बंधन तर १८७८ च्या कायद्यानेच घातले आहे. त्या चार ओळींची चिठ्ठी वस्तूइतकीच जपली पाहिजे. असीरगडच्या मुद्रेचा लेख आज प्रत्येक अभ्यासकास वाचता येतो. तिच्या चिठ्ठीची उणीव मात्र आता कोणासही भरून काढता येत नाही.