शिक्षिकेची उमेदवारी

शिक्षणाच्या इतिहासात आपण कायदे, संस्था आणि शाळांची संख्या मोजत आलो. नवा शिक्षक कोणाच्या शेजारी उभा राहून शिकला, याची नोंद क्वचितच ठेवली जाते. गुजरात-महाराष्ट्राच्या बालशिक्षणात मात्र अशी एक सलग साखळी दिसते: गिजुभाई बधेका, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ.

गिजुभाई मुळात वकील. १९१६ मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० मध्ये तिथे बालमंदिर सुरू झाले. ताराबाई त्यांच्याकडे गेल्या १९२३ मध्ये. तोवर त्या राजकोटच्या बार्टन महिला अध्यापक विद्यालयाच्या प्राचार्य होत्या. शिक्षिका घडवण्याच्या अधिकारपदावरून उठून त्या बालवर्गात शिकायला बसल्या. पुढे १९२६ मध्ये दोघांच्या पुढाकाराने नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला.

गिजुभाई १९३९ मध्ये गेले. १९४५ मध्ये ताराबाईंनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई पस्तिशीच्या होत्या. बालविवाह, काही महिन्यांतच आलेले वैधव्य आणि त्यानंतर जिद्दीने घेतलेले शिक्षण, असा त्यांचा प्रवास. नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यात आणि पुण्याच्या हुजूरपागेत मिळून पंधरा वर्षे शिकवून झाले होते. तरी बालवाडीत त्या नवख्याच होत्या. इथेही उमेदवारी सुरू झाली ती अनुभवी शिक्षिकेची.

या उमेदवारीत काय शिकायला मिळाले? माँटेसरीची साधने महाग होती. बोर्डीत शंखशिंपले, पाने, बिया, खडे हीच साधने झाली. गावच्या बालवाडीत दलित आणि आदिवासी मुले येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द या प्रयोगातून रुजला. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हलले. तिथली वारली मुले दिवसभर गुरांमागे असत, म्हणून शाळा कुरणावर गेली आणि कुरणशाळा झाली.

मला या साखळीत महत्त्वाचे वाटते ते हे, की कोणीही आधीच्याची नक्कल केली नाही. गिजुभाईंनी माँटेसरीला गुजराती घरात आणले, ताराबाईंनी तिला गरिबाच्या अंगणात नेले, आणि १९७३ मध्ये ताराबाई गेल्यावरही अनुताईंनी कोसबाडचे काम चालू ठेवले. पद्धत प्रत्येक पिढीत बदलली. मूल येत नसेल तर दोष शाळेत शोधायचा, ही नजर तेवढी हातोहात पुढे गेली. ती पुस्तकातून उचलता येत नाही. रिकामी बालवाडी पाहून थोरली बाई काय करते, ते रोज शेजारी राहून पाहावे लागते.

१९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांच्या मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय मोहीमही सुचवली. योजना कागदावर उतरते, नावही पोचते. पण सभागृहातल्या प्रशिक्षणाने ही नजर येईल, असे मानायला हा इतिहास आधार देत नाही. ताराबाई आणि अनुताई एकत्र राबल्या त्याला अठ्ठावीस वर्षे लागली. नव्या शिक्षिकेला आपण किती दिवसांची सोबत देतो, हा हिशेब एकदा मांडून पाहावा.