धाव, टायर आणि एक माप मोठं चाक



यंदा गळीत सुरू व्हायच्या आधीपासनं एकच विषय ऐकतोय: ट्रॅक्टरला, पिकअपला, जुन्या जीपला एक माप मोठा टायर बसवायचा. बिद्रीच्या कारखान्याच्या अड्ड्यावर नंबर लागेपर्यंत तासन्‌तास बसावं लागतं, तिथं चर्चा होणारच. कोण म्हणतो मोठ्या टायरनं गाडी चिखलात अडकत न्हाई, कोण म्हणतो डिझेल वाचतं, कोण म्हणतो नुसता रुबाब. पण चाकाच्या मापाचा हा वाद आपल्याकडं जुना आहे. बैलगाडीच्या चाकानं तो एकदा पुरता बघितलाय. तेवढी गोष्ट आधी सांगतो, मग ट्रॅक्टरवर येतो.

जुन्या लाकडी गाडीचं चाक साडेचार-पाच फूट उंच. मधे तुंबा, तुंब्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकावर बाभळीचे पुठ्ठे आणि सगळ्याला बाहेरनं आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव चढवणं हे सुतार आणि लोहार दोघांनी मिळून करायचं काम. धावेचा घेर चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडा कमी ठेवायचा. गोवऱ्यांचा गोल जाळ लावून ती लाल करायची. तापली की लोखंड वाढतं. मग सांडशीनं उचलून चाकावर बसवायची, घणानं ठोकायची आणि लाकूड पेट घ्यायच्या आत पाणी ओतायचं. गार होताना धाव आकसते आणि प्रत्येक सांधा घट्ट होतो. उन्हाळ्यात लाकूड सुकलं की धाव ढिली व्हायची, तेव्हा चाकं नदीत बुडवून ठेवायची म्हणजे लाकूड फुगून परत आवळायचं. नटबोल्ट नाही, वेल्डिंग नाही. आजच्या कुठल्या वर्कशॉपला हे जमेल असं मला वाटत नाही.

एवढं मोठं चाक कशासाठी? कारणं दोन. पहिलं रस्त्याचं. वाटेत दोन इंचाचा, म्हणजे पाच सेंटीमीटरचा दगड आला असं धरा. पाच फुटी चाकाला तो चढायला चाकावरच्या वजनाच्या साधारण ३८ टक्के ओढ लागते. तेच चाक तीन फुटी असेल तर ५२ टक्के. फरक बैलाच्या खांद्यावर पडतो. दुसरं कारण आखाचं. लोखंडी आख तुंब्यातल्या लोखंडी नळीत घासतो. चाक जेवढं मोठं तेवढा त्या घासण्याचा त्रास बैलाला कमी, कारण लांब दांड्याच्या पान्यानं नट सैल करण्यासारखंच ते आहे. तरी वंगण विसरलं तर गाडी अर्ध्या कोसावरनं ऐकू यायची ती यायचीच.

ह्याच चाकांवर आपला गूळ बाजाराला गेला. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ ला, शाहू महाराजांनी शाहूपुरी पेठ वसवली १८९५ ला. मग गुळाचे रवे भरलेल्या गाड्या रातोरात तिकडं निघायच्या. पण दीड-दोन इंच रुंदीच्या धावेवर गाडीचं सगळं वजन येतं आणि ती खडीचा रस्ता सुरीसारखी कापते. 'चाकोरी' हा शब्द त्यातनंच आलाय. एकदा चाकोरी पडली की मागची प्रत्येक गाडी तिथनंच जाणार आणि ती खोल होत जाणार.

मोटारी वाढल्यावर हे दुखणं सरकारदरबारी गेलं. १९२७ ला बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्ते समिती नेमली गेली, आणि तिच्या शिफारशीवरनं १९२९ ला पेट्रोलवर जादा कर बसवून मध्यवर्ती रस्ते निधी सुरू झाला. रस्ते बांधणारे इंजिनिअर पुढं कित्येक वर्षं धावेच्या गाडीला दोष देत राहिले. त्यांचं चूक नव्हतं. पण गाडीवानाला दुसरं चाक परवडेल का, हा प्रश्न त्यांच्या हिशोबात मागेच राहिला.

दुसरं चाक तोवर निघालेलं होतं. जॉन बॉइड डनलॉपनं १८८८ ला पोराच्या तीनचाकी सायकलला हवेचा टायर बसवला, तिथनं ही कथा सुरू होते. त्याच नावाच्या कंपनीचा कारखाना १९३६ ला बंगालमध्ये साहागंजला उभा राहिला. बैलगाडीसाठी टायर, रिम, बेअरिंग आणि आख असा सगळा संच मिळू लागला, आणि देशाच्या बऱ्याच भागांत गाडीचं नावच डनलॉप पडलं. आपल्याकडं टायरगाडी.

आता गंमत बघा. ह्या गाडीचं चाक जुन्यापेक्षा लहान होतं. बैलगाडीचा टायर ८.००-१९ मापाचा घेतला तर त्याची उंची तीन फुटाच्या आतच बसते. म्हणजे चाक दोन फुटानं बुटकं झालं तरी बैलाला गाडी हलकी लागली! कारण मोठ्या चाकाची दोन्ही कारणं दुसऱ्याच गोष्टींनी मोडून काढली. आख घासायचा, तिथं बेअरिंग आलं. दगड आडवा यायचा, तो रबरात दबून जाऊ लागला. शिवाय वजन रुंद पट्ट्यावर पसरलं, त्यामुळं चाकोरी पडायची थांबली. साटी खाली आल्यानं ऊस भरणाऱ्याच्या हाताचंही काम कमी झालं.

कायद्यातही हा फरक दिसतो. ओढकाम करणाऱ्या जनावरांचे नियम आले १९६५ ला. त्यात मोठ्या बैलासाठी दोन चाकी गाडीच्या ओझ्याची मर्यादा अशी: साधी धावेची गाडी ९०० किलो, हवेच्या टायरची १३५० किलो, बॉल बेअरिंगची १८०० किलो. बेअरिंगला टायरच्या वर मान दिलाय हे लक्षात घ्या. खरी करामत रबरापेक्षा आखात आहे, हे नियम लिहिणाऱ्याला कळलेलं होतं.

पण टायरनं जी ओढ वाचवली ती गेली कुणाकडं? बैलाकडं नाही गेली. बऱ्याच कारखान्यांत टायरगाडी कारखान्याची आणि बैल गाडीवानाचे. गाडीवानाला, म्हणजे बीडकडनं उचल घेऊन आलेल्या जोडप्याला, पैसे मिळतात टनावर. गाडी हलकी झाली म्हटल्यावर ऊस जादा भरला गेला. धावेच्या गाडीत टनभर ऊस म्हणजे पुष्कळ, टायरगाडीत दोन-अडीच टन सर्रास. चढाला बैल गुडघ्यावर बसलेला रस्त्यावरच्या सगळ्यांनी बघितलाय. गाडीवानाला शिव्या देणं सोपं आहे, पण उचल फेडायची असलेल्या माणसानं कमी भरावं असं म्हणणाऱ्यानं आधी टनाचा दर बघावा. १९७० च्या दशकात बंगळूरच्या आयआयएमचे एन. एस. रामस्वामी बैलगाडी सुधारायचा विषय देशभर मांडत होते. त्यात चाकाबरोबर जूसुद्धा होतं. चाक बदललं, जू मात्र बैलाच्या खांद्यावर तसंच राहिलं.

ट्रॅक्टरची गोष्ट थोडक्यात. सुरुवातीच्या ट्रॅक्टरांना लोखंडी, दातेरी चाकं होती. १९३२ ला अमेरिकेत अ‍ॅलिस-चामर्स कंपनीनं फायरस्टोनचे हवेचे टायर लावून ट्रॅक्टर विकायला काढला. लोकांचा विश्वास बसेना म्हणून शर्यतीचे ड्रायव्हर आणून ट्रॅक्टर पळवले, ताशी ६० मैलांच्या वर. १९४० पर्यंत तिकडचे बहुतेक नवे ट्रॅक्टर रबरावर आले होते.

जीपचं उदाहरण आपल्या आजच्या प्रश्नाला जास्त लागू पडतं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस एमबी जीपला ६.००-१६ टायर होता. १९५० च्या लष्करी एम३८ जीपला कंपनीनंच एक माप मोठा, ७.००-१६ दिला. म्हणजे आपण आज करतो तेच. पण त्यांनी नुसता टायर बदलला नाही. एमबीच्या डिफरन्सलचं प्रमाण ४.८८ होतं, एम३८ चं ५.३८. म्हणजे गियर दहा टक्क्यांनी जड घेतला. हे ५.३८ आधी १९४५ च्या सीजे-२ए ला आलं होतं, आणि ती जीप शेतकऱ्याला डोळ्यापुढं ठेवून बाजारात आणली होती, नांगर-औत ओढायला. पुढं महिंद्रनं मुंबईत ज्या जीप जोडल्या त्या ह्याच घराण्यातल्या.

आता हिशोब करा. ६.००-१६ ची उंची २८ इंचाच्या थोडी वर, ७.००-१६ ची साडेतीसच्या आसपास. चाक सात-आठ टक्क्यांनी मोठं झालं. जमिनीपासनं आख किती वर गेला? दोन इंचाचा निम्मा, म्हणजे जेमतेम इंच-सव्वा इंच. त्या बदल्यात चाकाची ओढ सात टक्के कमी, ब्रेकला तेवढंच जादा काम, आणि मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६४ नं चाललेली. गियर न बदलता टायर मोठा केला तर चढाला क्लच जळणार, आणि वाचलेलं डिझेल तिथंच जाणार. चिखलात थोडा फायदा आहे, नाही असं नाही.

ट्रॅक्टरला आणखी एक भानगड. फोर व्हील ड्राइव्हला पुढची चाकं मागच्यापेक्षा एक ते पाच टक्के जलद फिरतील असं जमवलेलं असतं. नुसते मागचे टायर १३.६-२८ चे १४.९-२८ केले की ती आघाडी संपते. मग पुढची चाकं ओढायच्याऐवजी मागं खेचतात, टायर झिजतात आणि पुढच्या आखाचे गियर बोलायला लागतात. बदलायचेच तर चारी चाकं जोडीनं, आणि ट्रॅक्टरच्या पुस्तकात कंपनीनं दिलेल्या जोडीतलीच. रुंदीही बघा. १.३ इंच म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण खोडव्यात चार फुटी सरीत बुडखे चेंगरायला तेवढं पुरतं. आणि आपल्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतो. उतारावर मागनं ढकलणारा सगळा ऊस ट्रॅक्टरच्याच ब्रेकनं थांबवायचा आहे.

ज्याला आपला टायर नक्की किती मोठा हे बघायचं त्यानं नावावर जाऊ नये. भरलेल्या गाडीच्या टायरवर खडूची खूण करा, एक फेरा पुढं घ्या, जमिनीवरचं अंतर टेपनं मोजा. नवा आणि जुना दोन्ही मोजले की टक्केवारी हातात येते. घासलेला टायर आणि नवा टायर ह्यांतच कधी कधी दोन-तीन टक्क्यांचा फरक निघतो.

मी माझ्या ट्रॅक्टरला मूळचंच माप ठेवलंय. रानात ओल असते त्या पहिल्या पंधरवड्यात ट्रॉली टन-दीड टन कमी भरतो आणि मागच्या टायरची हवा पुस्तकात दिलेल्या खालच्या मापावर आणतो. डांबरी लागायच्या आधी परत भरतो.