चोळ मूर्तींचे ओतकाम

कावेरीकाठच्या चोळकालीन पंचधातूच्या उत्सवमूर्ती पाहताना आम्हांस त्यांच्या लावण्याहून त्यांच्या घडणीचेच नवल अधिक वाटते. मेण व राळ यांची प्रतिमा घडवावयाची, तीवर नदीच्या मऊ मातीचे थर द्यावयाचे, तापवून मेण काढून टाकावयाचे, त्या पोकळीत धातुरस ओतावयाचा आणि निवाल्यावर साचा फोडावयाचा! कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लासा’त हा विधी वर्णिला आहे, स्वामिमलैचे स्थपती आजही तो आचरितात. मेण गेले, साचाही फुटला. मग तीच मूर्ती पुन्हा कोठून निघणार? श्रीपुरंतानच्या देवळातून चोरीस गेलेला नटराज ऑस्ट्रेलियाने २०१४ साली परत केला, तो नवा ओतून भरून निघण्याजोगा नव्हता.