मार्चचें संगीतमूल्य

माहूरची रेणुका हें कित्येक महाराष्ट्रीय घराण्यांचें कुलदैवत. लग्नकार्य झालें म्हणजे संबळ-तुणतुण्यावर गोंधळी तिचा जागर करितो. पण त्याच लग्नाच्या वरातीपुढें पितळी बँड चालतो. एकाच मंगलकार्यास दोन वेगळे नाद कां? गोंधळ बसून ऐकावयाचा असतो. वरात चालावयाची असते.

चालणाऱ्यांसाठीं रचलेलें संगीत म्हणजे मार्च. कवाईतीची बाब म्हणून आपले रसिक तो बाजूस सारतात. पण त्याची घडण पाहा. डाव्या-उजव्या पावलाचे दोन ठोके, मिनिटास बहुधा १२० पावलें. कांहीं मार्च आपल्या दादऱ्यासारखे सहा मात्रांचे. पुढें ‘ट्रायो’ नांवाच्या भागांत पुष्कळदां मूळच्या मध्यमालाच षड्ज मानून नवी चाल सुरू होते; पाऊल न थांबतां मनास विसावा मिळतो. उणीव एक, पण मोठी : कळा दाबून काढलेल्या सुरांत आपली मींड नीट उतरत नाहीं.

ही उणीव केवढी, हें राष्ट्रगीताच्या निवडीच्या वेळीं कळलें. १९४७ सालीं न्यूयॉर्क येथें संयुक्त राष्ट्रांच्या सभेंत ‘जन गण मन’ वाद्यवृंदावर वाजलें. राष्ट्रगीतांत शब्दांपेक्षां चाल महत्त्वाची व ती वाद्यवृंदास आणि लष्करी बँडला साधली पाहिजे, अशी भूमिका पंडित नेहरूंनीं ऑगस्ट १९४८ मध्यें घटना समितींत मांडली. ‘वंदे मातरम्’ या कसोटीस उतरत नाहीं, असा आक्षेप होता. भास्करबुवा बखले यांचे शिष्य मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर यांनीं त्यास सुरांनीं उत्तर दिलें. झिंझोटींत बसविलेली आपली चाल त्यांनीं बँडच्या जाणकारांच्या साह्यानें पाश्चात्त्य स्वरलिपींत उतरवून घेतली. २४ जानेवारी १९५० रोजीं ‘जन गण मन’ राष्ट्रगीत ठरलें. ‘वंदे मातरम्’ला समान मान मिळाला.

कृष्णरावांचा आग्रह पूर्णतः सफल झाला नाहीं. पण त्यांचा खटाटोप व्यर्थ नव्हता. मींड व गमक काढून घेतल्यावर चालीचा सांगाडा उभा राहतो कीं नाहीं, हा प्रश्न मार्च प्रत्येक रागाला विचारतो. रागाचें सर्वस्व त्या प्रश्नांत मावत नाहीं हें खरें; परंतु शेंकडों अशिक्षित पावलांना एका लयींत आणण्याचें सामर्थ्य ज्या चालींत आहे, तिला संगीत न म्हणणें हाही अन्यायच. वरात दारावरून जाईल तेव्हां खिडकी लावण्यापूर्वीं क्षणभर ऐका.