चीमा साहेबी

द्राक्षाची पांढरी, बियांची, भरपूर उत्पन्न देणारी जात. दुसरे नाव ‘सिलेक्शन ७’. पुण्यातील गणेशखिंड फळ संशोधन केंद्रात डॉ. जी. एस. चीमा यांनी ‘पांढरी साहेबी’ या जुन्या जातीच्या रोपांतून ती निवडली. पांढरी म्हणजे हिरवट-पिवळसर मण्यांची. काळ्या द्राक्षांपासून वेगळी ओळखण्यासाठी बागायतदार हाच शब्द वापरतात.

दख्खनमध्ये द्राक्ष जुने आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूताने दौलताबादच्या द्राक्षांची नोंद केली असून वर्षात दोनदा फळ येते असेही लिहिले आहे. येथील उष्ण हवेत वेल थंड प्रदेशातल्यासारखा पूर्ण विश्रांती घेत नाही. म्हणूनच आजही महाराष्ट्रात एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी अशा दोन छाटण्या करून एक पीक घेतात. भोकरी, फकडी, हबशी, साहेबी या जुन्या जाती इथल्या बागांत होत्या.

द्राक्षाची बाग एरवी काडीपासून वाढवतात, म्हणजे नवा वेल मूळ वेलाची हुबेहूब प्रत असतो. बी पेरले की हा नेम मोडतो: एकाच घडातल्या बियांची रोपे मणी, गोडी, घडाचा भार या बाबतींत एकमेकांपासून वेगळी निघतात. बहुतेक रोपे कामाची नसतात. ती वर्षानुवर्षे वाढवायची, फळ येईपर्यंत थांबायचे, आणि एखाददुसरे ठेवून बाकीची काढून टाकायची, असे हे काम आहे. गणेशखिंडचा त्यात विलक्षण हातखंडा होता. अलाहाबाद सफेदा पेरूच्या रोपांतून १९२७ मध्ये निवडलेला ‘लखनौ ४९’ (आजचा सरदार) इथलाच. आळंदी डाळिंबातून १९३६ मध्ये निवडलेले आणि पुढे ‘गणेश’ नावाने गाजलेले डाळिंबही इथलेच. उत्तर प्रदेशापासून दख्खनपर्यंत फळबागांचे चित्र बदलणाऱ्या या केंद्राची आठवण मराठी वाचकाला फारशी नसावी, ही खेदाची गोष्ट आहे.

चीमा साहेबी मागे पडली ती बियांमुळे. थॉमसन सीडलेस आल्यावर बाजाराला बिनबियांचा मणीच हवा झाला. पुढची निवड शेतकऱ्यांनी बागेत फिरता फिरता केली: बोरगावच्या वसंतराव आर्वे यांची तास-ए-गणेश आणि नान्नजच्या नानासाहेब काळे यांची सोनाका या दोन्ही जाती थॉमसनच्या वेलावर वेगळ्या दिसलेल्या काडीतून आल्या.

वाइनसाठीही चीमा साहेबी रुजली नाही. वाइनला लहान मणी, भरपूर साखर आणि तिच्याबरोबर टिकून राहणारा आंबटपणा लागतो. खाण्याच्या द्राक्षाचे गुण याच्या उलट असतात. त्यामुळे नाशिक परिसरातील पांढरी वाइन मुख्यतः शेनिन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां या फ्रेंच जातींवर उभी आहे. नव्या संकरासाठी मात्र दख्खनच्या उष्म्यात रुळलेल्या अशा जुन्या पांढऱ्या जाती मोलाच्या आहेत. कोणाच्या परसात साहेबी किंवा भोकरीचा जुना वेल असेल, तर तो उपटण्याआधी पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राला कळवावे.